पाळी सुटल्यावर

नोटा तपासायच्या खात्यात एकतीस वर्षं काढली मी,
नाशिकरोडला.
सातची पाळी, तीनची पाळी,
मार्चमध्ये ओव्हरटाइम.
कागद उजेडाकडे धरायचा,
आतली पुसट खूण दिसली की पुढे,
नाही दिसली की बाजूला.
हात आपोआप चालायचे,
तोंड मुलांच्या परीक्षांवर.

दुसरीही एक पाळी होती, महिन्याची.
ती थांबली त्याला अकरा वर्षं झाली.
"सुटलीस बाई," म्हणाली वत्सला गायधनी
कॅन्टीनमध्ये, चहात खारी बुडवत.
मीही म्हटलं, सुटले.
दोन वर्षं रात्री उशी भिजली घामानं,
पंखा लाव, पंखा बंद कर,
मग तेही गेलं.

त्यानंतर काहीच झालं नाही.
हेच सांगायचंय मला,
की काहीच झालं नाही.
दुखलं नाही, खुपलं नाही.
परकर तेवढे जमिनीला लागायला लागले.
मी शिवणाऱ्या बाईला बोल लावले,
दोनदा उसवून घेतले तिच्याकडून.

परवा बिटकोजवळच्या लॅबमध्ये
मला पाटावर ठेवल्यासारखं आडवं केलं.
वरून एक यंत्राचा हात सरकत गेला,
कमरेवरून, खुब्यावरून, हळू.
हलू नका म्हणाली ती पोरगी.
मला हसू आलं.
आता मी कागद, आणि उजेड दुसऱ्याच्या हातात.

आकडा आला उणे दोन पॉइंट आठ.
जन्मभर नोटा मोजल्या,
बंडलात उणं कधी आलं नव्हतं.

आमच्या गेटवर झडती व्हायची.
डबा उघडा, अंबाडा सोडा,
चपलेचा तळ दाखवा.
एकतीस वर्षांत चिटोरा बाहेर गेला नाही माझ्या हातून.
आणि इथं
माझ्याच आतून रोज चिमूटभर चुना
कुणीतरी नेत होतं,
अकरा वर्षं,
झडती न देता.

वत्सलाची हाडं दणकट होती.
भरलेला सिलिंडर एकटी जिना चढवायची.
त्या संकष्टीला तिच्या पाठीत कळ आली,
मग जबड्यात.
उपास बाधला म्हणाली, ओवा चावला,
एकवीस मोदक उकडले.
चंद्रोदय नऊ बावन्नचा.
सगळ्यांना वाढलं तिनं.

"बायकांना कुठं असतं हो हार्टचं,"
तिचा मुलगा म्हणत राहिला नंतर,
येईल त्याला, दारात उभा राहून,
जणू कुणीतरी हो म्हणावं म्हणून.
मीही मान हलवली असेल तेव्हा.
डॉक्टर धात्रकबाई आता सांगतात,
महिन्याचं ते चालू असेतो थोडं कवच असतं,
मग तेही नाही, बीपी बघत जा, साखर बघत जा.
नोटेवरच्या रेघांचं ट्रेनिंग
सहा आठवडे झालं होतं आमचं.
याचं अर्धा तासही नाही.

मोरीत आता स्टीलचा दांडा बसवलाय.
नागलीची भाकरी, तीळ,
सकाळच्या उन्हात जेल रोडपर्यंत चालणं.
नवरा म्हणतो, म्हातारी झालीस.
तू बसवलेला दांडा तूच धरतोस, म्हटलं.

दर सोमवारी एक गोळी, अनशापोटी,
भांडंभर पाण्याबरोबर.
ती घेतली की अर्धा तास
आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही,
ताठ बसायचं.
मी गॅलरीत बसते, पहिल्या पाळीची माणसं बघत,
सायकली कमी झाल्यात आता.

आज वरच्या मजल्यावरची रेश्मा तांबोळी उतरताना थांबली.
एकोणपन्नासची असेल.
बॅगेची चेन लावता लावता म्हणाली,
"काकू, माझी बंद होत आली वाटतं.
सुटले एकदाची."

थांब, म्हटलं.
ये, बस जरा इथं.
अजून वीस मिनिटं मला उठता येत नाही.