जागाच होतो

लर्विकच्या रुग्णालयात पहाटे पावणेतीनला
ओस्लानं फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.
हे तिनं मला सांगितलं नाही.
पण एक रिंग अर्धीच वाजून विझली होती
आणि मी अंथरुणात उठून बसलो होतो
दुसरीची वाट बघत.

"माफ करा, झोपमोड केली."
"जागाच होतो," मी म्हणालो.
डॉक्टरकी शिकवणाऱ्याला बोलावं लागणारं
हे पहिलं खोटं.

वारा असा, की गाडीचं दार
दोन्ही हातांनी ओढून लावलं.
बोटी बंद, विमान उडणार नव्हतं,
ॲबर्डीन म्हणजे फोनमधला नुसता आवाज.
खाटेवर येल बेटावरचा कोळी, गिबी,
विंचचा दांडा बरगड्यांवर बसलेला,
ओठ शिंपल्याच्या आतल्या अंगासारखे निळसर.

"तुम्ही करता?"
"नाही. तू. मी आहे इथं."

पायजम्यावर कोट चढवलेला मी
तिच्या डाव्या खांद्यामागे उभा राहिलो.
हात पाठीशी नेले
आणि एकानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं,
कारण तीस वर्षं सवयीचा हात
ऐकत नाही, पुढं धावतो.
तिनं फासळ्या मोजल्या. परत मोजल्या.
मीही मोजल्या, ओठ न हलवता.
"जरा वर," एवढंच बोललो.
मग नळीतून हवा सुटली, बाटलीत बुडबुडे,
आणि गिबीनं अशी शिवी हासडली
की महिन्याभरात इतकं गोड काही ऐकलं नव्हतं.

साडेपाचला, करपलेल्या टोस्टवर, तिनं विचारलं:
"तुमची पहिली रात्र?"
इन्व्हरनेस. सहा नंबरची खाट.
फोन हातातच होता माझ्या.
साहेब चिडतील म्हणून उजाडायची वाट बघितली.
साहेब आले तेव्हा चादर बदलून झाली होती.
ते चिडलेच नाहीत.
तेच अजून पचत नाही.

ओस्ला टोस्टचा काळा भाग
सुरीनं खरवडत राहिली, बराच वेळ.

फॉर्मवर दोन चौकोन असतात:
देखरेखीखाली, आणि स्वतंत्रपणे.
मी पहिल्यात खूण केली.
ती थोडी हिरमुसली. दिसलं मला.

परवा रात्री फोन वाजला नाही.
एक झाला, दोन झाले, वारासुद्धा पडलेला.
शेवटी मीच वॉर्डला लावला.
"काय झालं?" ओस्लाचा घाबरा आवाज.
"झोपलाच नाहीत की काय?"
"झोपलो होतो," मी म्हणालो.
"चुकून लागला."