हौदा

इंजिन गेलं खंडव्याला, कुणाच्यातरी पिठाच्या चक्कीला.
केबिन कापून नेली पालद्याच्या भंगारवाल्यानं,
दारं वेगळी, काच वेगळी,
तराजूत हॉर्नसुद्धा.
अंगणात उरला मागचा हौदा,
चार विटांवर, कडुनिंबाखाली.

नीलप्रभा म्हणाली, हत्ती गेला, शेपूट राहिलं.
मी म्हटलं, शेपूट नाही, हौदा.
मग बसा त्यात, म्हणाली
आणि कुकर लावायला गेली.

तीन आठवडे मी खरंच नुसता बसलो.
एकोणीस वर्षं यातून मंदसौरचा लसूण आला,
पत्र्याच्या पन्हाळीपन्हाळीत त्याचा पापुद्रा,
पाण्यानं निघेना, डिझेलनं निघेना.
मग एका संध्याकाळी शाल्मली टेप घेऊन खाली उतरली.
चार महिने आम्ही धड बोललो नव्हतो.
तिनं खडूनं फरशीवर रेघ ओढली:
बाबा, आस इथे. दांडी इथवर.

आस, दांडी, जू, खीळ, वंगण.
बैलं केव्हाच सुटली,
शब्द तेवढे दावणीला.

सियागंजात कमानी मिळाल्या, जुन्या जीपच्या, सात पाट्यांच्या.
दुकानदार म्हणाला, दोन काढून टाका भिया,
रिकामी गाडी कडक कमानीवर उड्या मारते.
रिकाम्याला मऊ लागतं
असं मी वहीत लिहून ठेवलं,
खर्चाच्या खाली.

इद्रीसमियां रात्री आठनंतर येत,
दिवसा त्यांना खिडक्यांच्या जाळ्या.
आधी चारी कोपऱ्यांना नुसते टाके,
मग दोन्ही कर्ण मोजायचे.
एक कर्ण अर्धा इंच जास्त निघाला.
त्यांनी घण माझ्या हातात दिला,
अभी मारो तो मानेगा, पक्का होने के बाद नहीं.
मी मारला. मानलं.
शाल्मलीकडे तेव्हा पाहिलं नाही.

जड सामान आसाच्या पुढे, तिनं सांगितलं.
पाण्याचं पिंप, स्टेपनी, शेगडी, सगळं पुढे.
वजन मागे सरकलं की वेगात शेपूट हलतं
आणि शेपूट हललं की ओढणाराच उलटतो.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला,
म्हणजे शेपूटच ना शेवटी!

सुपर कॉरिडॉरच्या मोकळ्या प्लॉटवर
रविवारी सकाळी, पोहे खाऊन,
आम्ही रिव्हर्स शिकलो. म्हणजे ती शिकली.
हौदा उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग डावीकडे.
एकतीस वर्षांचा माझा हात ऐकेना.
जीप इकडे, हौदा तिकडे,
विळी मिटावी तशी मधे घडी.
शेवटी ती म्हणाली, तुम्ही उतरा,
मागे उभे राहून हात दाखवा.
मी धुळीत उभा राहिलो.
येऊ दे. येऊ दे. थोडं डावं. माझं डावं नाही, तुझं.
बस.

काल जाम घाटाच्या अलीकडे रस्ता सोडला.
ओढ्याचे गोटे, मग काळी माती, मग नुसतीच चढण.
आरशात तो दिसायचा, गडप व्हायचा,
पुन्हा आपटत वर यायचा,
जसा काही त्याला कुणी बोलावलंच नव्हतं
आणि तरी तो येणारच होता.

आता रात्र. ताडपत्रीखाली दोघं,
खाली दूरवर निमाडचे दिवे.
हौद्यात बसलं की लांबचं दिसतं, तेवढं खरं.
थंडीनं पत्रा आकसतो, टक् करतो,
आणि दर वेळी थोडा लसूण सुटतो हवेत.
शाल्मली झोपेत नाक मुरडते.
एवढीशी होती तेव्हापासून मुरडते.

डाव्या कमानीचा एक नट ढिला वाटतोय.
सकाळी बघू.
दहाचा पाना तिच्याच उशाशी आहे.