बहुधा

ग्रिम्सबीत सकाळी वारा गोदीकडून येतो
आणि आमच्या पत्र्याच्या खोलीला आधी मासळीचा वास लागतो,
मग हीटरचा.
लाँड्रीच्या मागे आम्ही पाच कोडर.
रुग्ण आम्हाला दिसत नाहीत.
ते घरी गेले की त्यांचे कागद येतात,
चहाचे डाग, स्टेपलरची भोकं, अर्धवट सह्या यांच्यासकट.

आजची फाइल एकोणीस वर्षांच्या मुलाची.
ताप. डोकं फुटेलसं दुखणं. उजेड सोसत नाही.
मान ताठ.
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी कण्यातून पाणी काढलं.
'स्वच्छ', असं कुणीतरी लिहिलंय, खाली दोन रेघा ओढल्यात
सुस्कारा सोडल्यासारख्या.
नर्सबाईंचं अक्षर तेवढं वाचता येतं:
'पडदे ओढले. आईने फोनच्या उजेडावर रुमाल टाकला.'
चौथ्या दिवशी मुलगा टोस्ट खाऊन घरी.

आणि डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टर फेअरबर्न लिहितात
एक प्रश्नचिन्ह, मग व्हायरल मेनिन्जायटिस.

आता नियम ऐका.
'बहुधा' लिहिलं असतं, तर आजार झाला होता असं धरते.
'असं समजून उपचार केले', तरी धरते.
पण 'असू शकेल' आलं,
किंवा नुसतं ते गळासारखं वाकलेलं चिन्ह शब्दाच्या आधी,
की आजार गेला, उरली लक्षणं.
तापाला वेगळा नंबर, ताठ मानेला वेगळा,
डोकेदुखीला आर एक्कावन्न,
तिची चौथी जागा रिकामी, म्हणून तिथे फुली.
चार दिवसांचं एक दुखणं
सुटं सुटं, वाण्याच्या पुड्यांसारखं.

लॅबचा कागद मागच्या पानाला चिकटला होता,
मुलगा घरी गेल्यावर आलेला: एन्टेरोव्हायरस, सापडला.
मला दिसतंय. मॉरीनला दाखवलं, तिलाही दिसतंय.
पण आम्ही डॉक्टर नाही.
दिसलेलं आणि लिहिलेलं
यांच्यामधल्या फटीत आमचा पगार असतो.

प्रश्न पाठवायचा, तोही असा
की उत्तर त्यात लपलेलं नको.
'हा एन्टेरोव्हायरसचाच ना?' चालत नाही.
'कृपया निदान स्पष्ट करावे.'
अकराव्या दिवशी उत्तर आलं: 'हो.'
कशाला हो, डॉक्टरसाहेब?
पुन्हा पाठवला.

वाट बघताना वडिलांची वही आठवते.
जतला कंपाउंडर होते ते,
औषधाच्या बाटलीला कागदाची दातेरी पट्टी चिकटवायचे,
एक दात, एक डोस.
वहीत एकदा: 'पोर, सात वर्षे. ताप. मान लाकूड.
जीपने मिरजेस पाठविले.'
आणि लगेच खालच्या ओळीत खरजेचं मलम, आठ आणे.
मी विचारलं होतं, मग काय झालं त्याचं?
म्हणाले, वही जतची आहे, मिरजेची नाही.
तेव्हा ते उत्तर फार कोरडं वाटलं होतं.

महिन्याचे आकडे बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळी
फेअरबर्नचं पत्र आलं. पूर्ण वाक्य, क्रियापदासकट.
ए सत्त्याऐंशी, पॉइंट, आणि आता नऊ नको
(आमच्यात नऊ म्हणजे हात वर करणं),
शून्य.
शून्यापुढे कट्यार: हे कारण.
मग जी शून्य दोन पॉइंट शून्य, त्यापुढे चांदणी: ही जागा.
कट्यार आधी, चांदणी मागून,
एकटी चांदणी कधीच लिहायची नाही.
मॉरीनने पाहून नुसती मान हलवली.
किटलीत पाणी उरलं नव्हतं.

या आजाराची फाइल मिटली की मला एक खोड आहे,
हनुवटी छातीला टेकवून बघते.
टेकते. दर वेळी टेकते.
बसस्टॉपवर तशीच उभी होते, मान खाली घालून,
तर कुत्रं फिरवणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं,
बरी आहेस ना गं बाई?
म्हटलं, बहुधा.

तो जरा घुटमळला, मग कुत्र्याने त्याला ओढून नेलं.
त्याला कोण सांगणार,
आमच्या खोलीत हे पक्कं धरतात.