सहा चाळीस

वेळापत्रक जूनमध्येच आलं होतं,
प्लॅस्टिकच्या गुळगुळीत आवरणात.
सकाळी सहा चाळीस, अंतिम फेरी.
संध्याकाळी सात, प्राथमिक.
मी म्हटलं, छपाईत उलटसुलट झालं.
बॉस्को सर हसले नाहीत.
म्हणाले, हळर्णकर, चूक छापखान्याची नाही,
पृथ्वीची आहे. ती गोल आहे.

कांपालला सहा चाळीस होतात
तेव्हा पलीकडच्या देशात रात्रीचे नऊ दहा,
आणि तारीख कालची.
लोक जेवून, पाय वर घेऊन सोफ्यावर बसलेले.
पैसे त्यांच्या वाहिनीने मोजलेत,
म्हणून घड्याळ त्यांचं.
आमची आज
ते काल रात्रीच बघून झोपतात.

मी पाण्याचा माणूस.
तीनला पंपघर उघडतो.
क्लोरीन, पीएच, तापमान,
निळ्या शाईने वहीत.
पाण्याला वाजलेले कळत नाहीत, अंश कळतात.
अंगाला मात्र वाजलेलेच कळतात:
पहाटेचा खांदा म्हणजे
पावसाळाभर न उघडलेल्या खिडकीची बिजागरी.
शरीर संध्याकाळी तापतं, सर सांगतात,
विक्रम त्या ऊबेत मोडायचे असतात.

मग पोरांनी शरीराला फसवायचं ठरवलं.
हॉटेलच्या खिडक्यांना काळं कापड,
भर दुपारी झोप,
रात्री दोनला भात आणि उकडलेली अंडी.
नेरिसा कुलासो, असोळण्याची, दोनशे मीटर बटरफ्लाय,
मला म्हणाली,
अंकल, माझं पोट अजून मंगळवारात आहे.

गुरुवारी ती फायनलला आली. लेन आठ.
कॅमेऱ्याची गाडी चार-पाचपर्यंतच मनापासून धावते.
मांडवीत कॅसिनोच्या बोटींवर रात्र अजून चालू,
आभाळ शिळ्या पेजेच्या रंगाचं.
आठ जणी उभ्या.
पंचांनी शिट्टी ओठांशी नेली
आणि कानाला यंत्र लावलेल्या माणसाने
पंजा वर केला.

थांबा.
जाहिराती संपायच्या होत्या.
कुठल्याशा मोटारीला अजून घाट चढायचा होता,
मग एका गोळीने कुणाची तरी पाठ बरी करायची होती.
पोरी दंडांवर चापट्या मारत राहिल्या.
ओल्या लादीवर पाय बदलत राहिल्या.
पाणी इतकं स्वस्थ
की तळाच्या काळ्या रेघा आखल्यासारख्या सरळ.

तेवढ्यात कुंपणापलीकडून पदेराचा भोंपू.
पॉं पॉं.
यंत्रवाला दचकला,
मला खुणेने म्हणाला, तो आवाज बंद करा.
मी फाटकापर्यंत गेलो
आणि दोन उंडे घेऊन परत आलो.
गरम होते, काय करणार.
लेन आठला कुणीतरी हसलं.

नंतर शिट्टी झाली, उड्या पडल्या.
दोन सोळा पूर्णांक तीन, सातवी.
आदल्या संध्याकाळी हीच मुलगी
दोन तेरात आली होती,
तेव्हा तिथे सकाळ होती, लोक कामावर निघाले होते,
म्हणून ते कुणी बघितलं नव्हतं.

तिचा बाप कायतान साळ नदीत तिसऱ्या काढतो.
पासावर पिवळी फीत, हातात चपला,
लेकीच्या टॉवेलची घडी घालत त्याने मला विचारलं,
आम्ही भरती-ओहोटी बघून पाण्यात उतरतो.
इथे काय बघतात?
मला त्या माणसाचा पंजा आठवला.
मी त्याला अर्धा उंडा दिला.

रात्री घरी रायबंदरला पुनःप्रक्षेपण लावलं.
पंच शिट्टी ओठांशी नेतात
आणि लगेच, तत्क्षणी, उड्या.
मध्ये काही नाही.
चापट्या नाहीत, भोंपू नाही,
ते हसू तर नाहीच.
बायको म्हणाली, किती पटपट झालं हो.

सकाळी वही उघडली.
गुरुवारच्या पानावर माझंच अक्षर:
६.४० ते ६.४१॥. पाणी २६.४ अंश. स्तब्ध.
आठ जणी हजर.