भाग नऊशे बारा

दस्तगीरच्या दुकानात आता रंग नाहीत,
नुसते डबे आहेत. शनिवारी आम्ही त्यांच्यावर बसतो,
मधे गिरमिटाचा कागद,
आणि कपाटावरच्या टीव्हीत भुजंग गेटमन
बावीस वर्षं एकच फाटक
पाडतोय, उचलतोय.

कार्टूनच ते. खरं पोरांचं नव्हे.
(‘खरं’ म्हणजे आमच्याकडं ‘पण’.
पुण्याच्या मावसबहिणीला हे कळायला
दोन दिवाळ्या गेल्या.)

मोनाप्पा म्हणतो, बिघडलं ते तीनशेव्या भागापासनं,
भुजंगला आवाज देणारा वारला तवा.
नवा बोलालाय चांगला, असूदे,
खरं खोकत नाही.
जुना प्रत्येक वाक्याआधी खोकायचा,
निम्मी गंमत त्यातच होती.
मोनाप्पा उद्यमबागेत फौंड्रीवर तेहतीस वर्षं होता.
खोकल्यातलं त्याला कळतं.

इराण्णा म्हणतो, छे छे, त्याच्या आधीच.
शेळी बोलायला लागली तवा.
शेळीचं नाव मालगाडी. ती वेळापत्रक खायची,
म्हणून गाड्या चुकायच्या. बस्स, एवढंच तिचं काम.
मग कुणा शहाण्यानं तिला इंग्रजी शिकवली.
‘देवानं शेळीला तोंड खायला दिलंय.
बोलायला माणसं कमी हायत काय?’
केबल होती तेव्हा इराण्णाची. त्यानं सगळं दोनदा पाहिलंय,
मराठीत एकदा, कन्नडात एकदा,
आणि कन्नडातली शेळी जास्त हुशार, असं तो शपथेवर सांगतो,
कारण तो भाग तिकडं आलाच नाही.

एका नोव्हेंबरात मराठी चॅनेल अकरा दिवस बंद होतं.
इराण्णाला वरनं फोन आला होता.
तरी शनिवारी रात्री आमच्या गल्लीपुरती
त्यानं वायर जोडली. अर्धा तास.
मग काढून, गुंडाळून, घरी घेऊन गेला.
यावर आम्ही कधी बोलत नाही.

दस्तगीरला गोष्टीशी देणंघेणं नाही.
तो पाट्या रंगवायचा, फ्लेक्स यायच्या आधी.
तो म्हणतो, रेघ बघा.
पहिल्यांदा मिशीची रेघ हलायची,
दर चित्रात केसभर वेगळी,
हातानं काढलेली ना.
भुजंग गप उभा असला तरी जित्ता वाटायचा.
आता गुळगुळीत. उभा राहिला की मेला.
असं म्हणत तो हवेत एक ‘ळ’ काढून दाखवतो.
बोट हलतं.
हल्ली ते आपोआपच हलतं.
आम्ही गिरमिटाकडं बघतो.

मग मी म्हटलो
(हो, म्हटलो. आमच्यात बायका अशाच बोलतात):
टिकली अजून नऊ वर्षांचीच आहे.
पहिला भाग लागला तेव्हा मी बारा वर्षांची होतो,
तिला दादागिरी करायचो.
गेल्या महिन्यात माझी पोरगी
तिला मागं टाकून दहाची झाली.
आणि तिची आई, सुंद्री, जी मला म्हातारी वाटायची,
परवा हिशेब केला तर एकतीसची निघाली.
माझ्याहून तीन वर्षांनी लहान.
रात्रभर तिच्या त्या हिरव्या लुगड्याचं
वाईट वाटत राहिलं.

‘म्हणजे काय,’ मोनाप्पा चिडला, ‘आम्हीच बिघडलो?’
मी कुठं तसं म्हटलो.

एवढ्यात सुरू झालं.
भाग नऊशे बारा: फाटकावर पूल बांधायला
साहेब आलाय. शेळी त्याला इंग्रजीत शिव्या देते.
कुणी हसलं नाही.
साहेब विचारतो, इथं काम काय तुझं?
भुजंग टोपी काढतो. तोंड उघडतो.

आणि मोनाप्पा खोकला.

अगदी तिथंच, वाक्याच्या आधी,
जिथं पाहिजे तिथं.
इराण्णाच्या हातातलं गिरमिट सांडलं,
दस्तगीर डब्यावरनं पडता पडता राहिला,
वाक्य काय होतं ते कुणालाच ऐकू आलं नाही.

‘बघा,’ इराण्णा डोळे पुसत म्हणाला,
‘हा भाग जरा बरा हाय.’

‘छ्या,’ मोनाप्पा म्हणाला,
आणि पाणी मागितलं.