ओटी

आमच्या खात्यात ओटी म्हणजे
खण-नारळ नाही.
एक तपकिरी बाटली, झाकणातच ड्रॉपर.
नळाचं पाणी काचेच्या नळीत धरायचं,
दोन थेंब टाकायचे,
पिवळं होतंय का बघायचं.
झालं, तर क्लोरीन आहे.
पुढचं दार.

एकोणीस वर्षं मी हेच बघत हिंडले,
हिंगणे, वडगाव, धायरीची वरची आळी,
पहाटे साडेपाचला, पाणी येतं त्या वेळेला,
कारण पाणी तेव्हाच खरं बोलतं.
टाकीत चढलं की ते सोसायटीचं होतं.

पूर्वी आजारांना वेळापत्रक असायचं.
आषाढात गढूळ पाणी, मागोमाग जुलाब,
गणपती उठले की हिवताप,
आणि दिवाळीनंतर अशी थंडी
की डास आपणहून रजेवर जायचे.
आमचे उंबरजे डॉक्टर
कॅलेंडर न बघता औषधं मागवत.
आता माझा स्वेटर घडी न मोडता वर्ष काढतो
आणि ऐन मार्गशीर्षात कुंडीखालच्या ताटलीत
अळ्या वळवळतात,
महिना कुठला चाललाय
हे त्यांना कुणी सांगितलंच नसल्यासारख्या.

त्या वर्षी धरण दोनदा भरलं.
साहेब लोक गाड्या घेऊन वर गेले,
नदीची ओटी भरली,
हिरवा खण, तांदूळ, नारळ, फोटो.
चार दिवसांनी तो खण मला दिसला
विठ्ठलवाडीच्या मागे,
नाल्याच्या तोंडाशी अडकलेला.
काठाला जर होती, म्हणून ओळखला.

व्हॉल्व्हमन निजामभाई म्हणायचे,
मॅडम, पाणी बंद केलं की पाइप श्वास घेतो.
आणि शेजारी जे असेल
ते आत ओढतो.
शेजारी काय आहे
हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

हौसा भालशंकर. पिको-फॉल, ब्लाउज एका दिवसात.
तिच्या नळाखाली नळी धरली, दोन थेंब टाकले.
डोक्यावर जुना बल्ब, पिवळा.
पाणीही मला पिवळं वाटलं. थोडंसं.
वाटावं असं मला वाटलं.
‘निरंक’ लिहिलं की तीन फॉर्म, चार फोन,
आणि माझ्या लेकीची शाळेची रिक्षा
पावणेसातला येऊन उभी.
मी लिहिलं: ‘फिकट’.
तिनं चहा दिला, त्याच पाण्याचा.
तो उकळलेला होता.
मला काही झालं नाही.

तिला आधी ओटीपोटात कळ, दोन दिवस पोट वाहिलं.
मग बरी. मशीनवर बसली.
आठवड्यानं तळपायाला मुंग्या,
मग पोटऱ्या परक्या,
आणि एका दुपारी
मशीनचं पायडल तिला दिसत होतं,
सापडत नव्हतं.

जंतू गेले, डॉक्टर तिच्या मुलाला सांगत होते,
पण त्यांच्याशी भांडता भांडता
अंग आपल्याच नसांवर उलटलं.
मुलगा खिशातला मोजमापाचा टेप
गुंडाळत होता, उलगडत होता.
मी फळं घेऊन गेले होते. धुतलेली.
रजिस्टर माझ्या पिशवीत होतं.

चैत्रात ती वॉकर धरून दारात उभी.
बघा की बाई ओटी, म्हणाली.
दोन थेंब पडले आणि नळी
भडक पिवळी झाली.
हसली. हळदीसारखं झालंय, म्हणाली,
आता कसं भरल्यासारखं वाटतं.
तिला मी तेव्हाही सांगितलं नाही.
इथं सांगतेय, म्हणजे
तिला सांगितलं असं होत नाही.

मागच्या पानावर तो शब्द तसाच आहे,
निळ्या शाईत, माझ्या बऱ्या अक्षरात.

आता नळी घेऊन मी आधी बाहेर येते,
बल्बच्या उजेडात बघत नाही.
पहाटे साडेपाचला ऊन नसतं.
थांबते.
रिक्षा निघून जाते.