पावशेर

जलालाबादच्या दुकानाची किल्ली
गुलबीरसिंग अजून नाड्याला बांधतात.
यात्री निवासातली खोली मात्र उघडीच टाकून येतात.
पहिल्या दिवशी मी विचारलं,
"सकाळी उठल्यावर आधी काय करायचात?"
"शटर."
मग बराच वेळ काहीच नाही.

पुस्तकात याला उपचार म्हणतात:
इतवाऱ्यातून आणलेला जुना तराजू,
धने, बडीशेप, रद्दीचे कागद.
डावा हात थरथरला, धने सांडले.
मी वेचायला वाकले तर म्हणाले, "रहने दो, बेटी,"
आणि स्वतःच खाली बसले.

चौथ्या आठवड्यात
फरशी पुसणाऱ्या शेवंताबाई दारातूनच म्हणाल्या,
"धने द्या हो, पावशेर."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी फाइल चाळत राहिले.

पारडं जरा झुकतं ठेवून
त्यांनी पुडी बांधली, दोरा दातांनी तोडला.

"किती झाले?"
त्यांना नांदेडचा भाव ठाऊक नव्हता.
मलाही.